सर्दी एकट्याने खाऊ नका, वाटा

मुलाला सर्दी झालीये? वा! मग ती घरात दडवून कशाला ठेवता? वाटायची कशी ते मी गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला एका वाढदिवसात शिकून आलेय.

सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजायचं, कपाळ गार लागलं की प्लेग्रुपच्या व्हॅनमध्ये कोंबायचं. दुपारी ताप परत चढेल तेव्हा टीचर बघतील.

रुमाल देऊ नका. हात आहेत की.

मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पाजा. सर्दी व्हायरसची असते, त्यावर ते चालत नाही, पण बाटली वाया जायला नको ना. आणि चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनवालं सर्दीचं औषध देऊ नका असं २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी बाटलीवर छापायला सांगितलंय, ते बारीक अक्षर वाचत बसू नका.

आता वाढदिवस. आपलं शेंबडं बाळ थेट केकसमोर उभं करायचं, दोन हिरव्या धारा वरच्या ओठापर्यंत आलेल्या, आणि म्हणायचं "तू पण फुंक हं पिल्लू", मग पिल्लू फुंकतं, फुंकता फुंकता सटकन शिंकतं, क्रीमवर थेंब उडालेले मी या डोळ्यांनी पाहिले, आणि कुणीतरी आजी कौतुकाने "शतंजीव!" म्हणाल्या आणि तोच केक कापून तीच सुरी चाटून सगळ्या पोरांच्या तोंडात, माझ्या पोरीच्या पण, मी "नको" म्हणेपर्यंत गिळला पण तिने! मी विचारलं तर आई म्हणते, "ॲलर्जी आहे हो त्याला, धुळीची." हो का? नाशकात रस्ते कायम खोदलेले, त्यामुळे धुळीवर ढकललं की कुणाला बोलायला तोंडच नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगी, मग मी, मग नवरा (त्याला तर जणू शेवटची घटका). रात्री तीनला या थंडीत तिला खांद्यावर उभं धरून नाकात सलाईनचे थेंब घालतेय, ती किंचाळतेय.

बास झालं. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच, हे मलाही कळतं. दोघं नोकरीला, रजा मिळत नाही, तेही कळतं, प्लेग्रुपचं एक वेळ गिळेन. पण वाढदिवसाला कसली आलीये मजबुरी? पहिले दोन-तीन दिवस तर सगळ्यात जास्त पसरते. घरी ठेवा ना पोराला! साबणाने हात धुवा त्याचे, नुसते वाइप्सने पुसू नका. केक मी आणून देते घरी.

आणि ॲलर्जीने ताप येत नसतो, बाई.