नागोयाचा बेंजो, पेणचा मामा आणि एक फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आडवी ठेवलेली लाकडी फळी, तिच्यावर ओळीने तारा, आणि वाजवणारा दोन्ही हातांची बोटं पियानोवर चालवावीत तशी चालवतोय. खाली मजकूर: "जगातील पहिले आणि एकमेव वाद्य, ज्यात कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र! नाव कीटार. २००७ साली अमेरिकेत शोध. पियानो येणाऱ्याला पाच मिनिटांत जमते. आपल्याकडे असे काही कधी झालेच नाही, आपला बेंजो म्हणजे अमेरिकन बँजोची स्वस्त नक्कल. अभिमान वाटला तर पुढे पाठवा." अभिमान नेमका कशाचा, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण हे पेणच्या मामाने वाचलं. मामा तीस वर्षं बेंजो पार्टीत आहे. हळद, वरात, गणपती, ऑर्डर असेल तिथे. रात्री त्याचा फोन: "म्हणजे आम्ही इतकी वर्षं नक्कल वाजवली काय रे?" हसत विचारलं त्याने, पण विचारलं.

म्हणून हे.

नावापासूनच घोळ आहे. व्हिडिओतलं वाद्य कीटार नाहीच, ते हार्पेजी. कीटार म्हणजे गळ्यात अडकवायचा कीबोर्ड. त्यात तार औषधालाही नसते. हार्पेजीत मात्र खऱ्या तारा असतात, मोठ्या मॉडेलमध्ये चोवीस. टिम मीक्स या अमेरिकन माणसाने ते २००७ मध्ये बनवलं, तेवढं साल बरोबर.

"पहिले आणि एकमेव"? होनर या जर्मन कंपनीचं क्लॅव्हिनेट १९६० च्या दशकातलं आहे. साठ पट्ट्या, साठ तारा आणि गिटारसारखे पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलून ॲम्प्लिफायरला देणारे भाग. पट्टी दाबली की खालचा रबराचा तुकडा तार दाबून धरतो, तार थरथरते, पिकअप ते उचलतो. व्हॉक्स या ब्रिटिश कंपनीने १९६६ च्या सुमारास उलटं केलं होतं: गिटारच्या पडद्यांना, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या काड्यांना, वायरी जोडून आत ऑर्गन बसवला, तार पडद्याला टेकली की ऑर्गनचा सूर. ते वाद्य चाललं नाही, पण झालं होतं. हार्पेजीतली बोटं आपटून तारा वाजवण्याची रीतही अमेरिकन गिटारवादक एमेट चॅपमनने १९६९ पासून धरली होती, आणि तशीच वाजवायची त्याची 'स्टिक' १९७४ पासून विकली जात होती.

पाच मिनिटांचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करताना माझ्या जिवावर येतंय. हार्पेजीवर एका तारेवरून शेजारच्या तारेवर गेलं की पूर्ण स्वर वाढतो, त्याच तारेवर पुढच्या पडद्याला गेलं की अर्धा. त्यामुळे कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जोडणीचा, आकार एकदा बोटांत बसला की गाण्याची पट्टी बदलली तरी आकार तोच. फक्त हात सरकवायचा. पियानोवर काळ्या-पांढऱ्यांची जुळणी दर पट्टीत बदलते. म्हणजे सोय आहेच. पण सोय आहे म्हणून पाच मिनिटांत वाद्य येत नाही. पेटीवर सा कुठे आहे हेही पाच मिनिटांत कळतं.

आता बेंजो. अमेरिकन बँजो म्हणजे गोल खोडाला ताणून बसवलेलं कातडं आणि लांब दांडी. त्याचं मूळही अमेरिकेत नाही. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी आपल्याकडच्या वाद्यांवरून ते तिकडे घडवलं. आणि मामाच्या मांडीवर असतो तो बेंजो? लांबट पेटी, तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. कातडं नाही, दांडी नाही. दोघांत साम्य फक्त नावाचं.

आपल्या बेंजोचं, म्हणजे बुलबुल तरंगाचं, मूळ जपानमध्ये. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये दोन तारांच्या जुन्या वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीची बटणं बसवली. नाव ठेवलं ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळातलं कोतो. कोतो हे जपानी तंतुवाद्य. ताइशो सम्राट गादीवर आला तोच १९१२ च्या जुलैअखेर. वाद्याच्या नावातच त्याच्या जन्माचा दाखला आहे, आणि तो २००७ च्या पंचाण्णव वर्षं आधीचा आहे. तिथून ते भारतात आलं, बलुचिस्तानात जाऊन 'बेंजू' झालं. कोकणात आणि मुंबईत आपण त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलं आणि ढोल-ताशांसमोर उभं केलं.

रविवारी पेणला गेलो तेव्हा मामाने बेंजोचं वरचं झाकण काढून दाखवलं. डाव्या हाताने बटण दाबलं की खालचं पातं तारेला पडद्यावर टेकवतं. सतारीवर बोट करतं तेच. उजव्या हातातल्या पिकने तार छेडायची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ गिटारचा पिकअप, दोन स्क्रूंनी बसवलेला. मधल्या सप्तकातल्या पडद्यांवर तारेने चर पडलेत, टोकाचे अजून कोरे. वरची बटणं कीबोर्डची, खालचं सगळं इलेक्ट्रिक गिटारचं. ज्याला "आपल्याकडे कधी झालेच नाही" म्हणतात ते पेण तालुक्यात लग्नसराईत रोज रात्री दहापर्यंत ऐकू येतं.

हो, बेंजोवर हार्पेजीसारखे कॉर्ड लागत नाहीत. एका वेळी एकच सूर, चालीपुरता. हार्पेजीवर दहा बोटांचं काम होतं आणि ते सुंदर वाजतं, अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरने उगाच हातात घेतलेलं नाही. त्याची किंमतही काही लाखांत जाते. मामाला हे सगळं सांगितलं. त्याने किमतीवर फक्त "बाप रे" म्हटलं.

मग मी त्याला क्लॅव्हिनेट कसं वाजतं ते ऐकवलं, त्याच स्टीव्ही वंडरचं १९७२ चं 'सुपरस्टिशन'. सुरुवातीची ती खडखडीत ओळ पुष्कळांना गिटारच वाटते. मामाने दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा मोबाइल बाजूला ठेवून बेंजो ओढला, चार बटणं चाचपली.

"पट्टी काळी दोन आहे," म्हणाला. "शनिवारी वडखळला हळद आहे, तिथे टाकतो मध्ये."