बाय खेळते, मी राखीव

टेनिसच्या दुहेरी स्पर्धेचा तक्ता सोमवारी संध्याकाळी क्लबच्या फलकावर लागला आणि त्यात माझं नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण तक्त्याच्या बाहेर. लग्नपत्रिकेवर जिथे छापखान्याचं नाव असतं ना, तिथे, डाव्या कोपऱ्यात: ‘राखीव – १’. राखीव – २ कोणीच नव्हतं. मग माझ्यापुढे एकचा आकडा कशाला, ते समितीलाच ठाऊक.

झालं होतं असं. नावं आली तेवीस. चांगले खेळणारे अकरा आणि ‘इतर’ बारा, अशी समितीने वाटणी केली. इतरांत मी. स्टीलच्या दोन डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या, कॅन्टीनच्या पोराने ह्यातली एक, त्यातली एक अशा जोड्या काढल्या. अकरा जोड्या झाल्या आणि दुसऱ्या डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी उरली. तेवीस हा आकडा विषम आहे हे चौथीच्या पोराला कळतं. समितीत दोन सीए आहेत.

आता ज्यांनी असा तक्ता कधी केला नाही त्यांच्यासाठी: बाद पद्धतीच्या स्पर्धेला घरं लागतात ती चार, आठ, सोळा, बत्तीस अशीच. दर फेरीला निम्मे घरी जायला हवेत, म्हणजे शेवटी दोनच उरतात. जोड्या अकरा, म्हणून तक्ता सोळाचा. सोळातून अकरा गेले, उरले पाच. ह्या पाच रिकाम्या घरांत लिहितात ‘बाय’. जिच्यासमोर बाय, ती जोडी न खेळता पुढच्या फेरीत. उरलेल्या सहा जोड्यांचे तीन सामने, त्यातले तीन विजेते आणि बायवाल्या पाच मिळून उपांत्यपूर्व फेरीचे आठ. एकूण सामने दहा, कारण दर सामन्याला एक जोडी बाद होते आणि अकरातल्या दहा बाद व्हायला हव्यात. हिशेब चोख आहे. फक्त त्यात माणूस एक कमी आहे.

मी हे सगळं फलकासमोर उभा राहून पचवत होतो, तेवढ्यात शेजारी मामा येऊन उभे राहिले. मामा म्हणजे आमचे कोर्ट राखणारे. गाव संगमेश्वरकडचं, क्लबात वर्षं किती झाली ते त्यांनाही आठवत नाही. हातात पाण्याचा पाइप, तो चालू. पाण्याची धार मागे दोन नंबरच्या कोर्टात, नजर तक्त्यावर.

‘‘काय वो सायेब,’’ मामा म्हणाले, ‘‘ही बाय कोन?’’

‘‘कुठली बाय?’’

‘‘ही काय. येक नंबरवाल्यांसमोर बाय. ही खाली परत बाय. ही तिसरी.’’ ते ओल्या बोटाने मोजू लागले. जिथे जिथे बोट टेकलं तिथे तिथे इंकजेटची शाई फुटली आणि पाच बायांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ‘‘पाच ठिकानी नाव हाय तिचं. येवडी कोन खेळनारी आली?’’

कोकणात बाय म्हणजे कोणीही असू शकते. लेक, बहीण, शेजारच्या घरातली सून. मामांना वाटलं, नवीन सभासद आहे आणि तडफदार आहे.

‘‘मामा, बाय म्हणजे बाई नव्हे. बाय म्हणजे समोर कोणी नाही.’’

‘‘कोनी न्हाय, तर नाव कशाला लिवलंय?’’

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं तक्ते बघतोय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘‘जागा भरायला,’’ मी म्हणालो. ‘‘घरं सोळा आहेत, जोड्या अकरा.’’

‘‘मंग मोकळी ठेवायची.’’

‘‘मोकळी ठेवली तर लोकांना वाटतं छापायचं राहिलं.’’

मामांनी हे पटल्यासारखी मान हलवली. मग म्हणाले, ‘‘आनि हिच्यासमोरचे जिंकनार?’’

‘‘जिंकले, असंच समजायचं.’’

‘‘पाची ठिकानी ही हारली?’’

‘‘पाचही.’’

‘‘येक पन न्हाय जिंकायची?’’

‘‘बाय आजपर्यंत जगात कुठेही जिंकलेली नाही, मामा.’’

‘‘बिचारी,’’ मामा मनापासून म्हणाले. ‘‘मागल्या साली पन व्हती. तवा दोन ठिकानी व्हती. हारली तरी येते परत.’’ थोडा वेळ गेला. ‘‘फी भरते?’’

‘‘नाही.’’

‘‘तुमी?’’

‘‘पाचशे. टी-शर्टसकट.’’

मामांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. माझं नाव शोधत होते. कोपऱ्यात सापडलं तेव्हा वाकून वाचलं, मग सरळ होऊन माझ्याकडे बघितलं. मघाशी ‘बिचारी’ म्हणताना चेहऱ्यावर जो भाव होता तोच आता होता, फक्त माझ्यासाठी.

‘‘सायेब, मंग तुमी आनि ती मिळून खेळा की. तिला पन जोडीदार न्हाय, तुमाला पन न्हाय.’’

मी हसलो. पण खरं सांगतो, हसू अर्ध्यावरच अडकलं. ह्या कागदावर ज्याला अस्तित्वच नाही त्याला पाच घरं आणि पाचशे रुपये रोख भरणाऱ्याला कोपरा. आणि ह्या बाय कोणाच्या वाट्याला जातात, तेही बघा. नियम असा की बाय आधी मानांकित जोड्यांना, क्रमाने. पहिलं मानांकन तक्त्याच्या अगदी वर, दुसरं अगदी तळाला, तिसरं-चौथं पाचव्या आणि बाराव्या घरात, तेही चिठ्ठी टाकून. जगभर असंच चालतं, माझी तक्रार नाही. म्हणजे उत्तम खेळणाऱ्यांनी सकाळी साडेसहाला उठायचं नाही, तीन सामन्यांत करंडक उचलायचा. आणि लंगड्या सर्व्हिसवाल्यांनी मात्र चार सामने जिंकून दाखवायचे. पाचवी बाय चिठ्ठीने ठरते. ती गेली चिटणिसांच्या जोडीला. चिठ्ठी उचलली त्यांच्याच नातवाने. मी काही म्हणत नाही.

उपाय नाही असं नाही. गट पाडावेत: चार, चार आणि तीन जोड्यांचे. गटात सगळे सगळ्यांशी खेळतात, म्हणजे सहा, सहा आणि तीन, असे पंधरा सामने. तीन गटविजेते आणि एक सर्वोत्तम उपविजेता घेऊन उपांत्य फेरी, मग अंतिम, आणखी तीन. झाले अठरा. एक सेटचा सामना वॉर्मअप धरून चाळीस मिनिटांत उरकतो. दोन कोर्टं मिळाली तर सहा तास, म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन सकाळी. प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात, आणि तेविसावा माणूस एका जोडीत तिसरा म्हणून बसतो. दर सामन्याला तिघांतला एक बाहेर. बाद पद्धतीत हे जमत नाही, कारण बाहेर बसलेल्याची पाळी येण्याआधीच जोडी घरी जाते. हे मी चिटणिसांना लेखी दिलं होतं. उत्तर आलं, ‘सूचनेची नोंद घेतली आहे.’ नोंदवही मी पाहिलेली आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

तक्त्याशेजारी महिन्याचं परिपत्रकही लागलेलं होतं. राखीव माणसाला वाचायला वेळ असतो, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

कलम एक: कोर्ट क्रमांक २ शुक्रवारपर्यंत बंद. मुंबईत मातीचं कोर्ट पावसाळ्याचे चार महिने शेवाळ पांघरून झोपतं आणि दसऱ्याच्या सुमारास त्याला उठवावं लागतं. वरचा हिरवा थर खरवडायचा, चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं, आणि मग रोलर: आधी लांबीत, मग रुंदीत. सगळी गंमत वेळेत आहे. माती दमट हवी, ओली नको. बुटाला माती चिकटून वर आली तर रोलरलाही चिकटणार आणि पापुद्रे निघणार, तेव्हा थांबायचं. फार सुकली तर रोलर नुसता वरून गडगडत जातो, बसत काहीच नाही.

रेषा मारणं हे मामांचं खास खातं. त्यांच्याकडे गाठी मारलेली सुंभाची दोरी आहे. बेसलाइन, म्हणजे मागची रेषा, छत्तीस फूट, तिथून नेटपर्यंत एकोणचाळीस. पण नुसत्या बाजू मापून भागत नाही, कोर्ट तिरकं होऊ शकतं. म्हणून अर्ध्या कोर्टाचा कर्ण मापायचा: त्रेपन्न फूट एक इंच, दोन्हीकडून. दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन बसला. मामांना पायथागोरस ठाऊक नाही. त्रेपन्नाव्या फुटानंतर एक इंचावर लाल चिंधी बांधलेली आहे, ती ठाऊक आहे. मग रेषेवर फक्की, म्हणजे पांढरी पूड. फक्कीऐवजी पट्ट्या ठोकल्या की खिळे वर येतात आणि त्यांवरून चेंडू घसरतो, असं त्यांचं मत. फक्कीचं दुखणं वेगळं: तिसऱ्या गेमला रेषा पुसट होते आणि मग चेंडू आत की बाहेर ह्यावर आवाज चढतात. पंच नसेल तर आपल्या बाजूचा निकाल आपण द्यायचा आणि शंका असेल तर चेंडू आत धरायचा, असा नियम आहे. आमच्या क्लबात शंका कोणालाच नसते.

कलम दोन: सामने ‘नो-अ‍ॅड’. म्हणजे ड्यूसला, ४०-४० झाले की, एकच गुण, तो घेईल त्याचा गेम, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवणार. सेटमध्ये ६-६ गेम झाले की टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. ह्यात हमखास घोळ होतो. एक सोपी खूण सांगतो, परिपत्रकात नाही: दोघांच्या गुणांची बेरीज विषम झाली की सर्व्हिस बदलली आणि ती डावीकडून करायची, बेरजेला सहाने भाग गेला की बाजू बदलायच्या. बस्स. विषम आकड्याचं महत्त्व मला हल्लीच पटलंय.

कलम तीन: प्रत्येक सामन्याला चेंडूंचा एक डबा, अंतिम सामन्याला नवा. वाक्य दोनदा वाचा. अंतिम सामन्याला नवा, तर आधीच्यांना काय? आधीच्यांना मागच्या महिन्याचे फोडलेले. डब्यात हवेचा दाब असतो. झाकण उघडताना ‘फुस्स’ होतं, तिथूनच चेंडूचं वय सुरू होतं. नियमाचा चेंडू शंभर इंचांवरून सोडला तर त्रेपन्न ते अठ्ठावन्न इंच उसळतो. घरी करायची चाचणी: नवा आणि जुना एकाच वेळी डोक्याच्या उंचीवरून सोडा. नवा कमरेच्या आसपास येईल. आमचा गुडघ्यापर्यंत येतो आणि विचार बदलतो.

कलम चार: मुलांचं दिवाळी शिबिर. दहा वर्षांखालच्या मुलांना लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू, वयाप्रमाणे छोटी कोर्टं. लाल चेंडू मऊ आणि संथ, म्हणून मुलाच्या डोक्यावरून जात नाही. हे कलम चांगलं आहे. मी चौकशी केली, मोठ्यांना घेत नाहीत.

कलम पाच, बुटांबद्दल, सोडून देतो. कलम सहा: राखीव खेळाडूंनी स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी साडेसहा वाजता पूर्ण पोशाखात हजर राहावे. ‘खेळाडूंनी’ असं अनेकवचन आहे. म्हणजे मी.

सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. तेव्हा खेळ बदलण्याचा विचार मीही केला. पण निदान ते कृष्णनकडून हरले. मी डब्याकडून हरलो. आणि क्लबाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये सध्या लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत.

एवढं वाचून मागे वळलो तर दोन नंबरच्या सर्व्हिस रेषेपाशी तळं. आमचं ‘बाय कोण’ चालू असताना पाइप एकाच जागी वाहत होता. मामा धावले, मी खराटा उचलला तर माझ्यावरच ओरडले. मातीच्या कोर्टावर साचलेलं पाणी खराट्याने ढकलायचं नसतं, वरचा थर सोलून निघतो, स्पंजने टिपायचं. आम्ही दोघांनी उकिडवं बसून बादलीभर टिपलं. कोर्ट शुक्रवारऐवजी रविवारी उघडेल, स्पर्धा आठवडाभर पुढे, असा कागद मंगळवारी लागला. कारण दिलंय ‘तांत्रिक’.

काल संध्याकाळी पुन्हा फलकापाशी गेलो. कोपऱ्यातल्या माझ्या नावापुढे कोणीतरी पेनने तिरपी रेघ मारून ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाय’. बाजूला फक्कीचा पांढरा अंगठा उमटला होता.

मी कोणाला काही बोललो नाही. आज सकाळी ऑफिसातून फोन आला. नवीन कारकून आहे, अतिशय नम्र.

‘‘सर, तुमची जोडी लागली आहे असं तक्त्यावर दिसतंय. पण फी एकाचीच जमा आहे. मॅडमचे पाचशे यायचेत.’’