टिचबटणांचा जाच

मिनेसोटात येऊन हौसेनं बोट घेतली, वॉलाय मासे धरायला. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, टिचबटणांनी लावलेल्या तीन जाड गाद्या, घरच्यांनी ऐसपैस बसावं म्हणून. आणि गळ टाकायला उभं राहायचं कुठे? तिथेच! म्हणजे पहाटे गाद्या काढा, दुपारी मंडळी यायच्या आत परत लावा. दर शनिवारी हेच.

काढतानाही घाई चालत नाही. अगदी बटणाजवळ धरून उचकटायचं, नाहीतर रेक्झिनचा गोल तुकडा बटणासकट बोटीलाच चिकटून राहतो. (दोनदा झालंय.) पण लावणं? मे महिन्यात हवा पाच-सहा डिग्री, रेक्झिन आखडून पापडासारखं कडक. चार टिचबटणं लागतात, पाचवं बोटभर लांब. गुडघा रोवून, दात-ओठ खाऊन ते बसवावं तर पहिलं टपकन उघडतं. मग कळतं, डावी गादी उजवीकडे लावतोय! दिसायला जुळ्या बहिणी, बटणांच्या जागा मात्र वेगळ्या. कुणीतरी सांगितलं, बटणांना व्हॅसलिन लाव. लावलं. आता बटणं लागतात थोडी सोपी, पण बोटं घसरतात.

वर आतला फोम पाणी पिऊन बसलेला. दाबला की शिवणीतून गार पाणी थेट बाहीत.

गेल्या शनिवारी अंगठा सोलवटून शेवटचं बटण बसवलं, कंबर सरळ केली. तोच धक्क्यावरून बायकोचा आवाज, "अरे, गाद्यांखालच्या कप्प्यातली लाइफ जॅकेटं काढलीस ना?"