निपचित पडलेल्याला झोपेचं औषध कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं: कॅटाटोनियाचा (हालचाल आणि बोलणं गोठून जाण्याच्या आजाराचा) पेशंट आधीच लाकडासारखा पडलेला, त्याला लोराझेपाम हे गुंगीचं औषध देणं म्हणजे उलटा कारभार; सरळ हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियावरचं औषध द्यावं, विजेच्या शॉकचं नाव काढू नये आणि घरच्यांनी तेल लावून हातपाय रगडावेत.

पहिला मुद्दा. हा माणूस झोपलेला नसतो. बोलत नाही, पापणीही हलवत नाही, पण बऱ्याचदा सगळं ऐकत असतो; बरा झाल्यावर उशाशी कोण काय बोललं ते सांगतो. पुष्कळ जण त्या वेळच्या जीवघेण्या भीतीबद्दलही सांगतात. म्हणून लोराझेपाम इथे झोपेसाठी नसतं, त्यानं अडकलेली हालचाल सुटते. आधी बुश-फ्रान्सिस पट्टीतली (कॅटाटोनिया ओळखायच्या लक्षणांच्या यादीतली) पहिली 14 लक्षणं तपासायची. हात वर करून सोडला तर तसाच हवेत राहतो का? ‘हात उचलू देऊ नका’ असं बजावूनही बोटाच्या हलक्या स्पर्शानं वर येतो का? दोन लक्षणं सापडली तरी संशय पक्का धरायचा. मग 1 ते 2 मिलिग्रॅम लोराझेपाम तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळून हळूहळू शिरेतून द्यायचं आणि 5 मिनिटांनी तीच तपासणी पुन्हा. दंडात दिलं तर 15 मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर आणखी एक डोस. श्वास मंदावण्याची तुमची भीती रास्त आहे, त्यासाठीच बोटाला ऑक्सिमीटर आणि शेजारी ऑक्सिजन हवा.

घोटाळा होतो तो पुढे. रात्री 1 मिलिग्रॅमची एक गोळी देऊन ‘उपयोग नाही’ असा शिक्का मारला जातो. दिवसाला 6 ते 24 मिलिग्रॅम, विभागून, इथपर्यंत जावं लागतं. आणि पेशंट बोलायला लागला म्हणून औषध एकदम तोडलं की तो पुन्हा तिथेच.

हॅलोपेरिडॉलबद्दल मात्र तुमच्याशी अजिबात सहमत नाही. कॅटाटोनिया म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा जुना समज. मूड डिसऑर्डरमध्ये (नैराश्य, बायपोलर) तो भरपूर दिसतो. शिवाय मेंदूज्वर, सोडियम घसरणं, क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) किंवा लोराझेपाम अचानक बंद करणं, यांतूनही होतो. म्हणून रक्तातलं सोडियम, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि जमेल तिथे ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) तपासायचं. तरुण मुलीला ताप, झटके, बडबड आणि मग असं ताठरणं असेल, तर एनएमडीए अँटिबॉडी (मेंदूवर उलटणारी शरीराचीच प्रतिपिंडं) तपासा आणि त्यामागे गाठ आहे का हे पाहायला बीजाशयाची सोनोग्राफीही करा. पाणी कमी झालेल्या कॅटाटोनियाच्या पेशंटला हॅलोपेरिडॉल दिलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम होऊ शकतो: ताप, लोखंडासारखे ताठ स्नायू, वरखाली होणारं बीपी, वाढलेलं सीपीके. यात जीव जातो.

शॉक, म्हणजे ईसीटी. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. अनेक दिवस न हललेल्या पेशंटला सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, तेव्हा भूलतज्ज्ञाला ‘किती दिवस पडून आहे’ हे आधी सांगा. त्या काळातल्या आठवणी पुसट होतात, हा तोटा खरा. पण लोराझेपामनं भागलं नाही, किंवा ताप चढला आणि नाडी पळू लागली, तर ईसीटीइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही. कायद्याच्या तातडीच्या उपचारांत तो बसत नाही, त्यामुळे संमतीचे कागद पहिल्याच दिवशी सुरू करावेत.

आपल्याकडे कोल्हापुरात अशा पेशंटला आधी नरसोबाच्या वाडीला, दत्ताच्या देवळात नेतात. जायला कुणाची ना नाही, पण खाणंपिणं बंद झालं असेल तर आधी सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. वाटेत तोंडात बळजबरीनं पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

राहिलं तुमचं तेल. पडून राहिल्यानं पिंडरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. एक पाय सुजला, गरम लागला, तर रगडू नका. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. डॉक्टरांना दाखवा, डॉपलर (शिरेतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करा. रक्त पातळ करणारं हेपारिन सुरू करायचं का, हे तर भरती होतानाच विचारून घ्या.