गॅमा जीटी वाढला म्हणून माणूस दारुडा ठरत नाही

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "लिव्हरच्या पेशंटचा गॅमा जीटी वाढलाय? म्हणजे तो चोरून पितो. रिपोर्ट नॉर्मल असेल तर पीत नाही. आणि दोन दिवस बंद ठेवली तर कुठल्याच तपासणीत सापडत नाही." तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

आधी गॅमा जीटी, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं लिव्हरचं एक एन्झाइम. दारूनं तो वाढतो, खरं आहे. पण पित्ताच्या नळीत खडा अडकला, साखर आणि वाढलेल्या वजनामुळे लिव्हरवर चरबी साठली, फिट्सवर फेनिटोइन हे औषध चालू असलं, तरीही वाढतो. माझ्या मामांना वीस वर्षं साखर आहे, पोट सुटलेलं, दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही. हाच मेसेज वाचून घरच्यांनी त्यांच्या कपाटात बाटल्या शोधल्या. आजारी माणसावर असा संशय घेणं फार क्रूर आहे.

"नॉर्मल म्हणजे पीत नाही" हेही खोटं. नेमानं पिणाऱ्या कित्येकांचा गॅमा जीटी नॉर्मल येतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली आणखी दोन एन्झाइम्स; एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर डॉक्टरांना दारूची शंका येते, पण ती शंकाच. तांबड्या पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही वाढला तरी तेच. बी-१२ कमी असलं तरी तो वाढतो.

आता दोन दिवसांची गोष्ट. रक्तातली दारू काही तासांत उतरते, एवढं बरोबर. पण शरीरात दारू असली तरच तांबड्या पेशींच्या आवरणात फॉस्फॅटिडिलइथेनॉल तयार होतं. त्याची तपासणी म्हणजे 'पेथ'. ते निम्मं व्हायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात, म्हणून दोन ते चार आठवड्यांपूर्वीचं पिणंही त्यात दिसू शकतं. मिलिलीटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर दारू नाही किंवा अगदी थोडी. 200 च्या वर गेलं तर भरपूर. लिव्हर खराब असल्यानं हा आकडा गॅमा जीटीसारखा चढत नाही, म्हणूनच लिव्हरच्या पेशंटसाठी ही तपासणी जास्त भरवशाची.

तरी तिच्यातही एक खाच आहे. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, रक्ताची उलटी झाली की रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागतात, आणि रक्त देणाऱ्यानं घेतलेली दारू मग पेशंटच्या नावावर दिसू शकते. त्यामुळे पेथ करायला सांगितली तर गेल्या महिन्याभरात रक्त चढवलंय का, हे डॉक्टरांना आधी सांगा.