छत्रीखालचा सायकलस्वार

माणूस सायकल चालवतोय आणि शेजारून चालणारा दुसरा माणूस त्याच्या डोक्यावर छत्री धरून चाललाय, असं होऊच शकत नाही अशी माझी परवापर्यंत समजूत होती. होऊ शकतं. छत्रीवाला वयाने बराच मोठा असू शकतो, त्याला तसूभरही धाप लागलेली नसते, आणि वर त्याला गप्पांची हौस असते.

मागचं थोडक्यात सांगतो. आधी सलग पाऊस झाला, मग सर्दी, मग पुन्हा पाऊस, मग "आता उघडला की निघू", मग उघडलेल्या आकाशाकडे पाहून "छे, येणार परत". एवढ्या भांडवलावर सायकल बंद पडते. कुणी ठरवून बंद करत नाही. ती भिंतीला टेकून उभी राहते, तिच्यावर ओला टॉवेल येऊन पडतो आणि विषय संपतो.

खरी बेइमानी शरीराची. व्यायाम थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी व्हायला लागतो. मग हृदयाच्या एकेका ठोक्याला रक्त कमी ढकललं जातं, आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. कमावलेल्या खेळाडूंनी सराव सोडला तर तीन आठवड्यांच्या आत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण 7 टक्क्यांनी घसरल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. सायकलवाले हिला भक्तिभावाने व्हीओटू मॅक्स म्हणतात. खेळाडूंची ही कथा, तर आमच्यासारख्यांनी बोलायलाच नको. महिनोन्‌महिने घाम गाळून जमवलेलं हे शरीर असं उधळतं, आणि पोटावर जे जमतं त्यातलं मात्र एक ग्रॅमही हलू देत नाही. पुढचं पाठ, मागचं सपाट. फक्त मांड्यांना हा हिशेब समजलेला असतो, डोक्याला नसतो. डोकं अजून जुन्याच वेगात असतं. ते पहिल्याच वळणावर रुबाबात जड गिअर टाकतं आणि खालून मांड्या विचारतात, "कुणाच्या जिवावर?"

सल्ले देणारे याच काळात उगवतात. "हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात," हे एक ठरलेलं वाक्य. ते म्हणणारा माणूस नेहमी कोरडा असतो. मी रेनकोट नावाचं ते जाकीट घेऊन पाहिलं आहे. त्यातून घामाची वाफ बाहेर जाते म्हणतात. जात असेल, पण बाहेरची हवाच भिजून चिंब असेल तर वाफेने जायचं कुठे? ती आतच मुक्काम करते. पावसाने भिजायचं की स्वतःच्या घामाने, एवढीच निवड हातात राहते. दुसरा सल्ला घरातल्या ट्रेनरचा. सायकल खुंटवून ठेवायची आणि भिंतीकडे बघत पायडल मारायचं. तासाभराने भिंत तिथेच असते.

तिसऱ्या प्रकारचे लोक गोष्टी पाठवतात. आमचा एक मित्र पावसाचा थेंब पडला रे पडला की बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूची गोष्ट पाठवतो. 1980 सालची बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही सायकल शर्यत, वरून बर्फ पडतोय, आणि हा गडी नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. त्या दिवशीच्या थंडीचा त्रास त्याच्या बोटांना पुढे कायमचा राहिला. गोष्ट खरी आहे, थोरच आहे. पण त्याच गोष्टीत पुढे असं आहे की 174 जण निघाले होते आणि 21 जण पोहोचले. म्हणजे 153 जणांनी विचारपूर्वक सायकली बाजूला घेतल्या, कुठेतरी ऊब शोधली आणि कोरडे मोजे चढवले. शर्यती खेळून पोट भरणारी माणसं ती, मांड्या लोखंडाच्या. त्यांची गोष्ट मला आजवर कुणी पाठवलेली नाही. मला खरी आपुलकी त्यांच्याबद्दल वाटते.

आता परवाचा तो छत्रीवाला चढ.

चढ फार मोठा नाही, पण चढत्या अंगाने वारा समोरून येतो. वाऱ्याबद्दल मला एकदा मन मोकळं करायचंच आहे. लोक म्हणतात, जाताना समोरून असला तर येताना पाठीशी असतो, फिट्टंफाट. साफ खोटं. समजा एरवी तुमचा वेग ताशी 20 आहे. 15 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, म्हणजे दीड तास. वाऱ्याने जाताना वेग 15 केला आणि येताना 25. जाताना एक तास, येताना 36 मिनिटं. झाली की सहा मिनिटं जास्त! देणारा पाठीवरचा वारा घाईत देऊन मोकळा होतो, आणि घेणारा समोरचा तासभर बसून घेतो. वर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आपण जोर लावला की तोही इरेला पेटतो. असो.

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. सगळ्यात हलका गिअर केव्हाच टाकून झाला होता, आणि बोट सवयीने त्याच्याही पलीकडचा गिअर शोधत लिव्हरवर दाबत होतं. लिव्हर नुसतं टक टक करत होतं. पलीकडे काही नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. समोर मात्र पडत होता. वर पाहिलं तर काळं कापड आणि आठ काड्या.

"चालू द्या, चालू द्या," शेजारून आवाज आला. "मी आहे."

पायात बूट, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, चाल अगदी सहज. माणूस ताशी पाचेक किलोमीटरने चालतो असं म्हणतात. हे गृहस्थ तेवढ्यानेच चालले होते आणि मीही.

"काका, कशाला त्रास," मी म्हणालो. हे तीन शब्द बोलायला मला दोन श्वास लागले.

"त्रास कसला? मी निघालोच होतो." मग सायकलकडे बारकाईने बघत, "गिअरची आहे ना?"

"हो."

"किती?"

"बावीस."

त्यांनी थोडा विचार केला. "मग त्यातला एकही लागत नाहीये का?"

यावर देण्यासारखी उत्तरं मला नंतर, आंघोळीच्या वेळी, ओळीने सुचली. त्या क्षणी माझ्याकडे फक्त धाप होती.

"डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"नाही, हौस."

"अस्सं," ते म्हणाले. त्या "अस्सं"मध्ये इतकी करुणा होती की मी पुढचा पायडल रागानेच मारला. ती माझी त्या दिवसातली सगळ्यात जोरदार ताकद असावी. त्याने सायकल वीतभर पुढे गेली. ते पाऊलभर पुढे आले. छत्री डोक्यावरच.

तेवढ्यात खिशातला फोन बोलला. मी सायकलिंगचं एक अ‍ॅप वापरतो. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की आपण थांबलो असं ते समजतं आणि घड्याळ बंद करतं. मर्यादा आपण ठरवायची असते. चांगल्या दिवसांत ती मी ताशी 7 ठेवली होती. खिशातून एक गोड बाई म्हणाल्या की राइड थांबवण्यात आली आहे.

"काही म्हणालात?"

"मी नाही. फोन."

"काय म्हणतोय?"

"मी थांबलोय म्हणतोय."

त्यांनी खाली चाकाकडे पाहिलं. खरंच पाहिलं, वाकून. "नाही नाही, फिरतंय," ते म्हणाले, आणि खिशाच्या दिशेने जरा आवाज चढवून, "फिरतंय हो!"

इतक्या कमी वेगात सायकल सरळ राहत नाही. तोल सांभाळायला हँडल सारखं डावी-उजवीकडे करावं लागतं, आणि त्यात एकदा पुढचं चाक त्यांच्या बुटाकडे झुकलं. ते चपळाईने बाजूला झाले, पण छत्री हलू दिली नाही. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा एव्हाना पुरता भिजला होता. माणूस तुमच्यासाठी भिजतोय म्हटल्यावर त्याच्यावर चिडण्याचाही हक्क जातो. मला या प्रसंगातलं सर्वांत जास्त खुपलं असेल तर ते हेच. उद्धट माणूस असता तर निदान चार लोकांना सांगताना माझी बाजू बरी दिसली असती.

मग त्यांना फोन आला. छत्री माझ्यावर, फोन कानाला.

"हां, बोल. चढावर आहे. … नाही, एकटा नाही, एक सायकलवाले आहेत बरोबर. … हो, सायकलवरच बसलेत. … नाही गं, पंक्चर नाहीये. चालवतायत." मोठा विराम. तिकडून बरंच काही विचारलं जात असावं. "आता ते मी कसं विचारू? … बरं, बरं." फोन खिशात गेला. मी विचारणार नव्हतो. पण चढ अजून शिल्लक होता.

"घरून काय म्हणाल्या?"

"विचारत होती, उतरून ढकलली तर लवकर नाही का होणार?"

माझ्या घड्याळाचाही सूर तोच होता. हातातल्या या यंत्राने परवा सकाळी उठल्या उठल्या मला कळवलं होतं की तुमची तंदुरुस्ती उतरणीला लागली आहे. उतरणीला! चढावर वाचण्यासाठी याहून चांगला शब्द नाही. छाती फुटायची वेळ आली तेव्हा ते मनगटावर थरथरलं. ठोके खूप वाढलेत, विश्रांती घ्या. पैसे मोजून ही चहाडखोर वस्तू मी स्वतःच्या हाताला बांधली आहे.

"पाठीला जरा हात लावू का?" काकांनी विचारलं. "नुसता टेकवतो. ढकलत नाही."

मी नको म्हणालो. ठाम आवाजात म्हणायचं होतं, तो जो निघाला तो कुणाचा होता देव जाणे.

माथ्यावर आलो. त्यांनी छत्री मिटली, झटकली, आणि समाधानाने म्हणाले, "पोहोचलो बुवा आपण." आपण! मी आभार मानले, मानायलाच हवे होते. त्यांनी मनगटावरच्या साध्या, न बोलणाऱ्या घड्याळात पाहिलं. "आज मला जरा उशीरच झाला," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि मी तो अजून शोधतो आहे.

चढाची भरपाई उतारावर होते हाही एक गैरसमज. माझ्या सायकलला जुन्या धाटणीचे, रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. ओल्या रिमवर ते आधी पाणी पुसतात आणि मग, इच्छा असेल तर, थांबवतात. ही मधली वेळ उतारावर फार लांब वाटते. त्यात रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली झाली की चाक धरत नाहीत, म्हणून नजर सगळी जमिनीवर. देखावा बघायचा राहिला बाजूला. दोन्ही मुठी आवळून, ज्या वेगाने चढलो त्याहून थोड्याशाच जास्त वेगाने मी उतरलो. काका त्या बाजूला येत नव्हते, ही देवाची कृपा.

रस्त्याबद्दल बोलताना मात्र मला हसू येत नाही. रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. ते वाहून येतं कडेला. पाण्याबरोबर वाळू, खिळे, काचा, तारांचे तुकडे सगळं कडेला येतं, आणि सायकलवाल्याने कुठून जायचं? कडेनेच. ओली काच रबरात आणखी सहज घुसते, त्यामुळे पंक्चरंही पावसातच जास्त. डबक्याखाली खड्डा आहे की नुसतंच डबकं, हे कळायला त्यात जावं लागतं. आपण त्यात जाऊ नये म्हणून हातभर आत सरकलो की मागून हॉर्न वाजतो, आणि मग काचा वर केलेली गाडी डबक्यातून असं पाणी उडवते की तोंड उघडं असल्याचा पश्चात्ताप होतो. तोंड उघडंच असतं, कारण दम लागलेला असतो. गाडीवाला दिसतही नाही, नुसता वायपर हलताना दिसतो. पावसात सायकल चालवायला जिद्द हवी असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कडेवर यावं. जिद्द आहे हो, चालायला जागा नाही.

सायकलचा जन्मच वाईट हवामानातून झाला असंही सांगतात. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिकं गेली, दाणागोटा नाही म्हणून घोडे मेले, आणि 1817 मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइस या गृहस्थाने घोड्याशिवाय चालणारी लाकडी दुचाकी काढली. हा संबंध सगळे इतिहासकार मानत नाहीत. मी मानतो, कारण त्या यंत्राला पायडल नव्हते, माणसाने त्यावर बसून पायांनी जमीन ढकलत जायचं होतं, आणि तरी ते चालणाऱ्या माणसाच्या पुढे जायचं.

घरी आल्यावर कळलं की मडगार्ड नसलेल्या मागच्या चाकाने कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ ओढली आहे. म्हणजे येताना वाटेत भेटलेल्या सगळ्यांनी ती पाहिली होती आणि एकानेही सांगितलं नव्हतं. आधी सायकल पुसायची, मग आपण, हा नियम. चेन तशीच ओली ठेवली तर सकाळपर्यंत तांबूस होते, म्हणून फडक्यात धरून पायडल उलटा फिरवत, एकेक कडी कोरडी करत बसलो. मानेवरून चिखल सुकत खाली उतरत होता. मग तेल. मग मोज्यातून निघालेलं पाणी.

शेवटी अ‍ॅप उघडलं. चढ लागल्यापासून माथ्यापर्यंत मी थांबलो होतो अशी त्याची खात्रीच होती, त्यामुळे तेवढा सगळा वेळ त्याने हिशेबातून काढून टाकला होता. उरलेल्याची सरासरी झकास आली होती. खाली लिहिलं होतं, अलीकडच्या काळातली तुमची सर्वांत वेगवान राइड, अभिनंदन. इनोवाल्या मित्राचा लगेच संदेश आला, "बघ, म्हटलं नव्हतं? हवेला घाबरायचं नसतं. चढ एका दमात मारलास वाटतं!"

मी त्याला अंगठा पाठवला.