ब्रॅडमनच्या ‘आघाडीवरच्या सही’चा खोटा मेसेज

सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लष्करी गणवेशातल्या डॉन ब्रॅडमनचा सहीचा फोटो म्हणजे लाखोंचा ऐवज. या सह्या त्यांनी दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर केल्या, खलाशांनी फोटो मुरगाव बंदरात आणले. सही अस्सल असल्याचं प्रमाणपत्र असेल तर डोळे मिटून विकत घ्या आणि लगेच लॅमिनेट करा. यावर विसंबून कुणी पैसे मोजू नयेत, म्हणून लिहितोय.

आघाडी कसली? ब्रॅडमन जून 1940 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात भरती झाले. तिथून लष्करात बदली, व्हिक्टोरियात फ्रँकस्टनला शारीरिक प्रशिक्षणाचं काम, आणि स्नायूंच्या दुखण्यामुळे जून 1941 मध्ये सुटका. परदेशी आघाडीवर ते गेलेच नाहीत. मुरगाव तर तेव्हा युद्धात तटस्थ असलेल्या पोर्तुगालच्या ताब्यात होतं.

खरा घोळ पुढेच आहे. फोटो कधी काढला, ही प्रत कधी छापली आणि सही कधी झाली, या तीन तारखा वेगळ्या असू शकतात. ब्रॅडमन 2001 मध्ये वारले. म्हातारपणीही ते टपालाने आलेल्या ढीगभर वस्तूंवर सह्या करून परत पाठवायचे. म्हणजे 1940 चा फोटो, पण सही 1985 ची, असं सहज होऊ शकतं. अशी सही अस्सलच, पण युद्धकाळातली नव्हे. आणि त्यांची सही काही दुर्मीळही नाही. सही बॉलपेनची असेल तर 1940 विसरा. बॉलपेन सर्रास मिळू लागलं ते युद्धानंतर, मार्कर त्याहून उशिरा.

फोटो उजेडात तिरका धरा. शाईची रेघ पृष्ठभागावर वेगळी चमकते. सही चित्रातच मुरलेली दिसली, भिंगाखाली ठिपके दिसले, तर ती छापील. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळा झगमगला, तर तो बहुधा 1950 नंतरचा.

प्रमाणपत्र कुणीही छापतो. अमेरिकेत एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या बनावट सह्यांविरुद्धच्या मोहिमेत चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल सापडले होते! मालाबरोबर प्रमाणपत्रंही बनावट असायची.

आणि लॅमिनेशन कृपा करून नकोच. उष्णता आणि गोंद फोटोला कायमचे बाधतात, मग सही तपासताही येत नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फोटो थेट काचेला टेकला तरी चिकटतो. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घाला आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.